दीर्घ युद्धातील क्षेपणास्त्रांच्या बातम्या आणि कारखान्यांचे आकडे कसे वाचावेत

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर चढाई केली आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांतच रशियाकडील अचूक मारा करणारी क्षेपणास्त्रे संपत आल्याच्या बातम्या छापून येऊ लागल्या. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला कीव्हवर केएच-१०१ जातीची क्रूझ क्षेपणास्त्रे येऊन पडली. कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च या संस्थेच्या तपासनिसांनी त्यांचे अवशेष हातात घेऊन पाहिले, तेव्हा त्यांवरील क्रमांकांवरून असे दिसून आले की एक क्षेपणास्त्र त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत आणि दुसरे ऑक्टोबर उजाडल्यानंतर तयार झाले होते. म्हणजे दुसरे क्षेपणास्त्र कारखान्यातून निघून दोन महिन्यांच्या आत शहरावर पडले होते. यातून दोन गोष्टी कळतात. जुना साठा इतका आटला होता की ताजा माल थेट वापरावा लागत होता, आणि निर्बंध लागू असूनही कारखाना थांबलेला नव्हता. संपत आल्याचे सांगणाऱ्यांनी कोठाराकडे पाहिले होते, कारखान्याकडे पाहायचे त्यांच्याकडून राहून गेले होते.

लांबलेल्या युद्धाच्या बातम्या रोज वाचणाऱ्या, पण सैन्यात किंवा शस्त्रनिर्मितीत नसलेल्या वाचकांसाठी हे लिहीत आहे. एखादी बातमी हाती आली की तिला कोणते प्रश्न विचारायचे, कोणता आकडा टिपून ठेवायचा आणि कोणता सोडून द्यायचा, एवढेच यात सांगायचे आहे. मला स्वतःला ही पद्धत उपयोगी पडली आहे, कारण तिच्यामुळे एका स्फोटाच्या चित्रफितीने हुरळून जाणे आणि एका पराभवाने खचून जाणे या दोन्हींतून सुटका होते.

वही आखून घ्या

साधी वही घ्या आणि प्रत्येक शस्त्रासाठी एक पान ठेवा. पानावर चार रकाने असावेत: कोठारात किती आहे, दरमहा किती तयार होते, दरमहा किती उडते, आणि बाहेरून किती येते. शेजारी अरुंद रकान्यात तारीख आणि आकडा कोणी सांगितला ते लिहावे. युद्ध पहिल्या महिन्यात पहिल्या रकान्यावर चालते. सहाव्या महिन्यानंतर ते दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांतील फरकावर चालू लागते, आणि तिसऱ्या वर्षी चौथा रकाना अनेकदा सगळ्यांत वजनदार ठरतो. रशियाला उत्तर कोरियाकडून मिळालेले तोफगोळे आणि क्षेपणास्त्रे, तसेच इराणकडून आलेले शाहेद ड्रोन याच चौथ्या रकान्यातले. शाहेदचे पुढे असे झाले की तातारस्तानातील अलाबुगा येथे कारखाना उभा राहिला आणि गेरान या नावाने तो माल चौथ्या रकान्यातून दुसऱ्या रकान्यात आला. असा रकाना बदलणे ही फार मोठी बातमी असते, पण ती क्वचितच पहिल्या पानावर छापली जाते.

आकडा लिहिण्यापूर्वी तो कशाचा आहे हे नीट पाहा. उद्दिष्ट, मागणी, क्षमता, उत्पादन आणि सुपूर्द केलेला माल हे पाच वेगवेगळे शब्द असून बातम्यांत ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये युक्रेनला बारा महिन्यांत दहा लाख तोफगोळे देण्याचे ठरवले, ते उद्दिष्ट होते. मार्च २०२४ पर्यंत प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास गोळे पोहोचले, तो सुपूर्द केलेला माल होता. अमेरिकेत युद्धापूर्वी १५५ मिलिमीटरचे सुमारे १४,००० गोळे दरमहा तयार होत होते आणि २०२५ च्या अखेरीस एक लाखाचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. २०२५ च्या मध्यापर्यंत हे उत्पादन ४०,००० च्या घरात होते. जवळजवळ तिप्पट वाढ म्हणजे मोठेच काम आहे, तरीही ते उद्दिष्टाच्या निम्मेही नव्हते. दोन्ही वाक्ये वहीत लिहा, कारण एकच लिहिले तर तो प्रचार होतो.

कारखान्याचे उद्घाटन झाले म्हणजे माल सुरू झाला असे समजू नये. जर्मनीत उंटरल्यूस येथे ऱ्हाइनमेटाल कंपनीच्या नव्या तोफगोळा कारखान्याची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो उघडला. दीड वर्षात असा कारखाना उभा राहणे ही युरोपच्या मानाने विलक्षण घाई होती. परंतु वर्षाला साडेतीन लाख गोळ्यांची जी क्षमता मथळ्यांत आली, ती २०२७ ची होती, आणि पहिल्या वर्षासाठी योजलेला आकडा सुमारे २५,००० एवढाच होता. यंत्रे बसवणे, ती जुळवणे, माणसे तयार करणे आणि पहिल्या घाण्यांची तपासणी पार पाडणे यांत दोन वर्षे जातात. म्हणून कोणत्याही घोषणेपुढे ‘पूर्ण वेगाने कधी’ हा प्रश्न लिहून ठेवावा.

पल्ल्याच्या आकड्यापुढे वजनाचा आकडा मांडा

लांब पल्ल्याच्या शस्त्राची बातमी नेहमी किलोमीटरमध्ये येते. तिच्या शेजारी आणखी दोन आकडे लिहिल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही: ते शस्त्र किती किलो स्फोटक वाहून नेते, आणि महिन्याला अशी किती शस्त्रे सोडता येतात. पल्ला वाढवायचा तर इंधन वाढवावे लागते किंवा स्फोटक कमी करावे लागते. इराकने १९८० च्या दशकात सोव्हिएत स्कड क्षेपणास्त्राचा ३०० किलोमीटरचा पल्ला जवळपास दुप्पट केला, तेव्हा त्याने इंधनाच्या टाक्या लांबवल्या आणि स्फोटकाचे वजन घटवले. १९८८ च्या सुरुवातीस त्या अल-हुसेन क्षेपणास्त्रांनी तेहरान गाठले आणि शहरातून लाखो लोक बाहेर पडले. शाहेद-१३६ हे त्याच हिशेबाचे अलीकडचे रूप आहे. साधारण २०० किलोचे यंत्र, मागे पंख्याचे लहानसे इंजिन, ताशी १८०-१८५ किलोमीटरचा वेग, हजार किलोमीटरहून पुष्कळ अधिक पल्ला, आणि नाकात ४० ते ५० किलो स्फोटक. मोठा कारखाना अशा एका माऱ्याने कोसळत नाही. छप्पर फुटते, काचा जातात, आग लागली तर मात्र बरेच काही जळते.

स्फोटकाचे वजन आणि शस्त्रांची संख्या यांच्या गुणाकाराचे सर्वांत बोलके उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. जर्मनीचे व्ही-२ हे बॅलिस्टिक क्षेपणास्त्र ८ सप्टेंबर १९४४ रोजी लंडनवर पहिल्यांदा पडले. त्याला अडवणे कोणालाही शक्य नव्हते. युद्ध संपेपर्यंत सुमारे तीन हजार व्ही-२ डागली गेली आणि प्रत्येकात जेमतेम एक टन स्फोटक होते, म्हणजे सर्व मिळून तीन हजार टन. ब्रिटिश हवाई दलाने १२ मार्च १९४५ रोजी डॉर्टमुंडवर एका दिवसात ४,८०० टनांहून अधिक बॉम्ब टाकले. जर्मनीने त्या क्षेपणास्त्रावर ओतलेले पोलाद, अल्कोहोल, विद्युत उपकरणे आणि तंत्रज्ञ लढाऊ विमानांकडे वळवले असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या काळातील जर्मन अधिकाऱ्यांनाही पुढे छळत राहिला. एखादे नवे शस्त्र आले आणि त्याला तोड नाही असे कोणी म्हणाले, की मला डॉर्टमुंडचा तो आकडा आठवतो.

याचा अर्थ लांबचा मारा व्यर्थ असतो असा नाही. १८ सप्टेंबर २०२४ रोजी युक्रेनच्या ड्रोननी रशियातील तोरोपेत्स येथील शस्त्रागार गाठले. ड्रोनमधील स्फोटक किरकोळ होते, पण समोर दारूगोळ्याचे कोठार होते, आणि पुढचे स्फोट भूकंपमापकांवर नोंदले गेले. थोड्या किलोंना मोठे काम करायचे असेल तर ज्यावर ते पडतात ती वस्तू पेटणारी किंवा अतिशय दुर्मीळ असावी लागते. पल्ल्याच्या बातमीला विचारायचा तिसरा प्रश्न हाच आहे.

साखळीतला सर्वांत अरुंद भाग शोधा

इथे थोडे थांबावे लागेल, कारण औद्योगिक क्षमता या शब्दाखाली नेमके काय दडलेले असते हे एक साधा तोफगोळा पाहिल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्क्रँटन येथे सैन्याचा तोफगोळ्यांचा कारखाना आहे. त्याच्या विटांच्या इमारती मुळात वाफेच्या रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस बांधलेल्या आहेत. पोलादाच्या लांब कांबी तेथे येतात, त्यांचे तुकडे होतात, भट्टीत सुमारे ११०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून ते नारिंगी पडतात आणि मग दाबयंत्राखाली एकेका दाबासरशी त्यांची पोकळ नळकांडी बनतात. ती थंड झाली की लेथवर चढतात. नंतर एक टोक पुन्हा तापवून निमुळते केले जाते, पोलादाला उष्णतेने पाणी दिले जाते, आणि तळाजवळ तांब्याचा पट्टा बसवला जातो. तोफेच्या नळीतील आटे याच पट्ट्यात रुततात आणि गोळ्याला फिरकी मिळते. येथपर्यंत जे तयार होते ते पोकळ कवच असते, त्यात कणभरही दारू नसते.

कवच नंतर आयोवा राज्यातील कारखान्यात जाते. तेथे टीएनटी हे स्फोटक सुमारे ८० अंशांवर वितळवून कवचात ओतले जाते आणि अत्यंत सावकाश थंड केले जाते. घाई केली तर आत भेगा किंवा पोकळ्या राहतात. अशी पोकळी असलेला गोळा तोफेतून सुटताना बसणाऱ्या धक्क्याने नळीतच फुटू शकतो, म्हणून भरलेल्या गोळ्यांची क्ष-किरण तपासणी होते. ही वेळ हुकूम काढून कमी करता येत नाही. गोळ्याच्या टोकावरचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवून आणणारा भाग, वेगळ्या कारखान्यातून येतो. त्याला ढकलणारी प्रणोदकाची पिशवी आणखी वेगळ्या ठिकाणी भरली जाते. हे सर्व तोफेपाशी एकत्र आल्याशिवाय ४५ किलोचे ते पोलाद निरुपयोगी असते.

आता या साखळीवर बोट फिरवत जा. अमेरिकेने १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर टीएनटी बनवणे बंद केले होते, आणि पोलंडमधील बिद्गोश्च येथील कारखाना पाश्चात्त्य देशांचा मुख्य आधार होऊन बसला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने केंटकी राज्यात टीएनटीचा नवा कारखाना उभारण्याचे कंत्राट दिले. प्रणोदकासाठी नायट्रोसेल्युलोज लागते आणि ते कापसाच्या आखूड तंतूंपासून बनते. विदर्भातल्या वाचकाला हे तंतू लगेच ओळखू येतील: जिनिंगमध्ये रुई निघून गेल्यावर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते, तीच ही. युरोपातील प्रणोदकाचे कारखाने या लवेसाठी मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून असल्याचे युद्ध सुरू झाल्यावर ध्यानात आले. तोफगोळ्यांच्या उत्पादनाचा वेग ठरवणारी वस्तू पोलाद असेल असे आपण समजतो, आणि निघते ती सरकीची लव.

क्षेपणास्त्रांतही हाच शोध घ्यायचा. घन इंधनाच्या रॉकेटला अमोनियम परक्लोरेट लागते. अमेरिकेत ते बनवणारे दोनच कारखाने होते आणि दोन्ही नेवाडा राज्यात हेंडरसनजवळ, एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरवर होते. ४ मे १९८८ रोजी त्यांतला एक स्फोटात उद्ध्वस्त झाला आणि देशाच्या क्षेपणास्त्र व अंतराळ कार्यक्रमांपुढे एका दुपारीत पेच उभा राहिला. पॅट्रियट या हवाई बचाव प्रणालीच्या पॅक-३ एमएसई या क्षेपणास्त्राचे उत्पादन २०२४ मध्ये ५०० झाले. ते वाढवताना अडचण अंतिम जुळणीची नव्हती, तर नाकातील शोधक यंत्राची होती, जे दुसरी कंपनी बनवते. काही वेळा अरुंद भाग कारखान्यात नसून कायद्यात असतो. जर्मनीने युक्रेनला गेपार्ड विमानविरोधी तोफा दिल्या, पण त्यांचा ३५ मिलिमीटरचा दारूगोळा स्वित्झर्लंडमध्ये बनलेला असल्यामुळे तो पुढे देण्यास त्या देशाने तटस्थतेच्या कायद्याचा दाखला देत नकार दिला. अखेर तोच दारूगोळा बनवण्यासाठी जर्मनीत वेगळी उत्पादनरेषा उभारावी लागली.

म्हणून ‘उत्पादन दुप्पट करणार’ अशी बातमी आली की एकच प्रश्न पुरतो: साखळीतली कोणती वस्तू आज कमी पडते, आणि ती दुप्पट होणार आहे का? बातमीत याचे उत्तर नसेल, तर आकड्यापुढे प्रश्नचिन्ह टाकावे आणि पुढे जावे.

कारखान्यावर हल्ला झाल्याची बातमी कशी वाचावी

युद्धाच्या बातम्यांत सर्वांत जास्त फसगत येथे होते. आग, धूर, कोसळलेले छप्पर दिसते आणि कारखाना संपला असे वाटते. १७ ऑगस्ट आणि १४ ऑक्टोबर १९४३ रोजी अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथील बॉल बेअरिंगच्या कारखान्यांवर हल्ले केले. दुसऱ्या हल्ल्यात निघालेल्या २९१ विमानांपैकी ६० परतली नाहीत. इमारती मोठ्या प्रमाणावर पडल्या, परंतु ढिगाऱ्याखालील यंत्रे बहुतांशी दुरुस्त होण्याजोगी होती. जर्मनांनी ती उपसून काढली, निरनिराळ्या गावांत हलवली, स्वीडनकडून बेअरिंग विकत घेतली आणि काही ठिकाणी बेअरिंगशिवाय चालेल अशी रचना केली. पुढचा मोठा हल्ला फेब्रुवारी १९४४ मध्ये झाला, तोवर त्यांना मधले महिने मोकळे मिळाले होते.

याच्या शेजारी लॉयना ठेवा. कोळशापासून कृत्रिम इंधन बनवणाऱ्या या कारखान्यावर १२ मे १९४४ रोजी पहिला हल्ला झाला. तो सावरला की पुन्हा हल्ला झाला, आणि असे एकूण २२ वेळा घडले. नळ्या, उच्च दाबाची पात्रे, वायूच्या वाहिन्या यांचे एकमेकांत गुंतलेले ते जाळे उचलून दुसऱ्या गावी नेता येत नव्हते. पहिल्या हल्ल्यापासून युद्ध संपेपर्यंत लॉयनाचे उत्पादन क्षमतेच्या सरासरी नऊ टक्के राहिले. जर्मनीतील अशा सर्व कारखान्यांतून मिळणारे विमानाचे पेट्रोल एप्रिल १९४४ मध्ये १,७५,००० टन होते, ते जुलैत ३०,००० टनांवर आणि सप्टेंबरात ५,००० टनांवर आले. विमाने तयार होत राहिली, पण ती उडवायला आणि नव्या वैमानिकांना शिकवायला इंधन उरले नाही.

श्वाइनफुर्ट आणि लॉयना यांच्यातला फरक दोन गोष्टींत आहे: वस्तू हलवता येते का, आणि हल्लेखोर परत येतो का. आजच्या बातम्या याच दोन प्रश्नांवर घासून पाहाव्यात. २ एप्रिल २०२४ रोजी युक्रेनने हलक्या विमानाचे चालकरहित ड्रोन बनवून ते बाराशे किलोमीटरहून दूर असलेल्या अलाबुगापर्यंत पोहोचवले. पल्ल्याच्या दृष्टीने ती मोठी कामगिरी होती, पण मारा कामगारांच्या वसतिगृहावर बसला आणि ड्रोनचे उत्पादन पुढे वाढतच गेले. युक्रेनने २०२५ मध्ये रशियाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर जी मोहीम चालवली, तिची जात मात्र लॉयनाची आहे. रियाझान, व्होल्गोग्राद, सारातोव्ह ही नावे एकदा नव्हे, अनेकदा बातम्यांत आली. ऊर्ध्वपातनाचा उंच मनोरा तळघरात लपवता येत नाही. त्या वर्षी रशियाला पेट्रोलच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली आणि काही भागांत पंपांवर रांगा लागल्या. धुराच्या छायाचित्रापेक्षा मी निर्यातबंदीच्या परिपत्रकाला अधिक वजन देतो, कारण ते परिपत्रक मार खाणाऱ्याने स्वतः काढलेले असते.

रशियाने १० ऑक्टोबर २०२२ पासून युक्रेनच्या वीजव्यवस्थेवर सुरू केलेला मारा याच कसोटीवर पाहावा. अतिउच्च दाबाचे रोहित्र शंभर टनांहून जड असते, मागणीनुसार एकेक करून बनते आणि ते मिळायला कित्येक महिने लागतात. म्हणून तेथे मोडलेल्या इमारतींची संख्या न मोजता शिल्लक रोहित्रांची संख्या विचारावी लागते. त्या रकान्याच्या दुसऱ्या टोकाला काय असते हे विसरता येत नाही. वीज गेलेल्या घरांतली थंडी तेथे असते, आणि ८ जुलै २०२४ रोजी केएच-१०१ ने उद्ध्वस्त केलेले कीव्हमधील ओखमातदित हे मुलांचे रुग्णालयही तेथेच असते.

टक्केवारीवर थांबू नका

‘नव्वद टक्के ड्रोन पाडले’ हे वाक्य सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा आले, तर दोन्ही वेळा बचाव तितकाच भक्कम होता असे वाटते. युक्रेनी हवाई दलाच्या नोंदीनुसार ७ सप्टेंबर २०२५ च्या एका रात्रीत ८०० हून अधिक ड्रोन आणि फसवी ड्रोन आली. शंभरांतले दहा टक्के म्हणजे दहा, आणि आठशेतले दहा टक्के म्हणजे ऐंशी. टक्केवारी तीच राहिली आणि जमिनीवरचे घाव आठपट झाले. त्यात प्लायवूड आणि फोमची फसवी ड्रोन मिसळलेली असल्यामुळे खरे किती आणि खोटे किती हेही पाहावे लागते. फसव्या ड्रोनचे काम बचाव करणाऱ्याचा दारूगोळा खर्च करवणे हे असते.

बचावाचा दारूगोळाही कारखान्यातूनच येतो, आणि वहीत त्याचे पान वेगळे असले पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये रेथिऑन कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले होते की युद्धाच्या पहिल्या दहा महिन्यांत स्टिंगर या खांद्यावरून डागायच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांचे तेरा वर्षांचे उत्पादन खर्ची पडले. स्टिंगरची उत्पादनरेषा पुन्हा वाढवताना निवृत्त अभियंत्यांना परत बोलवावे लागले, कारण काही कामे कशी करायची हे त्यांनाच ठाऊक होते. यंत्र विकत मिळते, पण हाताला आलेली सवय कोठारात ठेवता येत नाही.

कामावर कोण आहे ते पाहा

क्षमतेच्या आकड्यांतून माणसे अगदी सहज गळून पडतात. व्ही-२ ज्या बोगद्यांत बनत होते, ते नॉर्डहाउझेनजवळचे मिटेलवेर्क छळछावणीतील कैद्यांच्या श्रमावर चालत होते, आणि त्या क्षेपणास्त्राच्या माऱ्याने जेवढी माणसे मेली त्यांहून अधिक ते बनवताना मेली. अलाबुगात शिकाऊ विद्यार्थ्यांना आणि परदेशी नोकरीच्या जाहिरातीने आणलेल्या आफ्रिकी तरुणींना ड्रोन जुळवण्याच्या कामाला लावल्याचे वृत्तसंस्थांनी २०२४ मध्ये उघड केले. मजूर कुठून येतात, किती पाळ्या चालतात, अपघात होतात का, हे प्रश्न नीतीचे आहेत आणि उत्पादनाचेही. भंडाऱ्याजवळील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ कामगार गेले. दारूगोळ्याचा प्रत्येक वाढीव आकडा कोणाच्या तरी हातून जातो, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावे लागू नये.

आपल्याकडे ही साखळी डोळ्यांसमोर आहे, म्हणून ती ओळखण्याचा सराव येथूनच सुरू करावा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालतो. नागपूरच्या अंबाझरीत गोळ्यांची कवचे आणि पिनाक रॉकेटचे भाग घडतात, भंडाऱ्यात प्रणोदके तयार होतात, आणि भद्रावतीजवळच्या चांदा निर्माणीत गोळे भरले जातात. स्क्रँटन ते आयोवा ही जी साखळी वर पाहिली, तिचेच हे विदर्भातले रूप आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात भारतीय तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागली. २०२२ च्या उन्हाळ्यात रशिया दिवसाला वीस हजारांहून अधिक गोळे डागत असल्याचे अंदाज होते. त्या वेगाने कारगिलचा सगळा दारूगोळा तेरा दिवसही पुरला नसता. आपल्या सैन्यासाठी चाळीस दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल इतक्या साठ्याचा निकष अनेक वर्षे होता, आणि प्रत्यक्ष साठा त्याहून कमी असल्याकडे महालेखापरीक्षकांनी लक्ष वेधले होते. चाळीस दिवस हा पहिल्या रकान्याचा विचार आहे. एकेचाळिसाव्या दिवशी काय, याचे उत्तर अंबाझरी, भंडारा आणि भद्रावतीच्या मासिक आकड्यांत आहे.

एक बातमी, सहा आठवडे

समजा उद्या सकाळी बातमी आली की सीमेपासून तेराशे किलोमीटरवरच्या एका रॉकेट इंधन कारखान्यावर ड्रोन कोसळले आणि आग दिसत आहे. वहीत तारीख लिहा. पल्ला लिहा, पण त्याखाली रेघ मारू नका. कोणती इमारत होती ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उपग्रह छायाचित्रांवरून कळते: गोदाम, कार्यालय, की इंधन मिसळण्याचे सदन. मिसळण्याचे सदन असेल तर तिथल्या मिसळण्याच्या पात्राला पर्याय दुसरीकडे आहे का ते शोधा. दोन्ही बाजूंचे अधिकारी काय म्हणाले ते लिहा, आणि ‘सर्व पाडले, अवशेषांमुळे किरकोळ आग’ हे वाक्य दिसले तर आग लागली एवढेच त्यातून घ्या. मग पान उलटून ठेवा. दहा-बारा दिवसांनी त्याच जागी पुन्हा हल्ला झाला का ते पाहा. सहाव्या आठवड्यात, ज्या जातीचे क्षेपणास्त्र त्या इंधनावर उडते त्याचे त्या महिन्यातले डागण्याचे आकडे आधीच्या तीन महिन्यांशी ताडून पाहा, आणि अवशेषांवरील उत्पादनाच्या तारखा कोणी प्रसिद्ध केल्या असतील तर त्याही नोंदवा. डागण्याचा वेग तसाच असेल आणि तारखा ताज्या असतील, तर कारखाना चालू आहे. वेग तसाच असून तारखा जुन्या होत गेल्या असतील, तर कोठार खाल्ले जात आहे, आणि पुढच्या दोन महिन्यांसाठी त्या पानाच्या कोपऱ्यात खूण करून ठेवावी.